सोलरचं उरलेलं टॅक्स क्रेडिट बुडत नाही, पण दरवर्षी फॉर्म भरून ते पुढे न्यावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब, ऑक्टोबर २०२५ मध्ये छतावर सोलर बसवलं, ३६,००० डॉलर खर्च, तो सगळा सोलर लोनवर. सेल्सवाल्याने सांगितलं होतं की ३० टक्के म्हणजे १०,८०० डॉलर सरकार परत देतं. आता २०२५ चं रिटर्न भरायला बसले तर सॉफ्टवेअर ५,३०० च दाखवतंय. मग उरलेले ५,५०० गेले का, पुढच्या वर्षी मिळणार असतील तर ही योजना ३१ डिसेंबर २०२५ ला बंद झाली त्याचं काय, आणि दोन-तीन वर्षांत घर विकून पुण्याला परत जायचं डोक्यात आहे तर तेव्हा काय होईल.

मी अमेरिकेत एनरोल्ड एजंट (आयआरएस, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स खात्याकडून परवाना मिळालेली टॅक्स सल्लागार) म्हणून रिटर्न भरते आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये आपले लोक भरपूर आहेत, त्यामुळे हाच प्रश्न थोडे आकडे बदलून सारखा येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. तुमचे ५,५०० बुडालेले नाहीत, ते २०२६ च्या रिटर्नवर जातील, तिथेही पुरले नाहीत तर २०२७ वर. अमेरिकेच्या केंद्रीय (फेडरल) कायद्यात किती वर्षं पुढे नेता येईल याला मर्यादा घातलेली नाही. योजना बंद झाल्याने त्याला धक्का लागत नाही, घर विकल्यानेही लागत नाही. पण ते आपोआप पुढे जात नाही, आयआरएस तुमच्यासाठी ते लक्षात ठेवून पुढच्या वर्षी लावून देत नाही, तुम्हाला या क्रेडिटचा फॉर्म ५६९५ दरवर्षी रिटर्नला जोडावा लागतो. आणि ते कुठल्या वर्षी वापरायचं हे ठरवायची मोकळीक तुम्हाला नाही. या दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही आणि पैसे जातात ते इथेच.

आता सॉफ्टवेअरने निम्मंच का दिलं ते बघू. हे क्रेडिट नॉन-रिफंडेबल आहे. म्हणजे तुमचा जो इन्कम टॅक्स बसतो तो शून्यापर्यंत खाली आणता येतो, शून्याच्या खाली नेऊन सरकारकडून वरचे पैसे घेता येत नाहीत. 'सरकार ३० टक्के परत देतं' हे वाक्य ज्याचा टॅक्सच वर्षाला वीस हजार बसतो त्याच्यासाठी खरं आहे, ज्याचा सात हजार बसतो त्याच्यासाठी एका वर्षात खरं होऊच शकत नाही, आणि विकणाऱ्याने तुमचा टॅक्स किती बसतो हे विचारलेलंच नसतं.

इथे एक मोठा गोंधळ होतो तो रिफंड आणि टॅक्स यांचा. मला लोक सांगतात की आम्हाला तर दरवर्षी रिफंड येतो, म्हणजे आमचा टॅक्स नाहीच, मग सोलरचं क्रेडिट आम्हाला काय कामाचं. तसं नाहीये. रिफंड म्हणजे पगारातून वर्षभर जास्त कापले गेलेले पैसे. क्रेडिट ज्यातून वजा होतं तो आकडा फॉर्म १०४० (मुख्य रिटर्न) च्या ओळ १८ वर असतो, तो तुमचा खरा टॅक्स, त्यातले किती आधीच कापले गेले याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा कोणालाही हा प्रश्न पडला की मी पहिल्यांदा सांगते, मागच्या वर्षीचं रिटर्न काढा आणि ओळ १८ बघा, रिफंडची ओळ बघू नका.

तुमचेच आकडे घेऊ. एकूण उत्पन्न ९८,०००, त्यात भारतातल्या एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) एफडीचं व्याजही आलं. २०२५ साठी जॉइंट रिटर्नचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५००, उरले ६६,५००. त्यातल्या पहिल्या २३,८५० वर १० टक्के आणि बाकीच्यावर १२ टक्के, मिळून टॅक्स साधारण ७,५००. आता सोलरला एवढी सगळी जागा मिळत नाही कारण त्याचा नंबर शेवटी लागतो. एनआरओच्या व्याजावर भारतात कापलेल्या टॅक्सचं फॉरेन टॅक्स क्रेडिट २०० आधी गेलं. मुलगी कॉलेजात आहे, तिच्या फीच्या अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचा नॉन-रिफंडेबल भाग १,५०० गेला. ती सतराच्या वरची डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) म्हणून मिळणारं ५०० चं क्रेडिट गेलं. राहिले ५,३००. सोलरचं क्रेडिट १०,८०० असलं तरी त्याला एवढीच जागा आहे, म्हणून ५,३०० लागले आणि ५,५०० पुढे. सॉफ्टवेअरने बरोबर केलंय.

आणि बघा, तुमच्या पगारातून ८,२०० कापलेत. टॅक्स शून्य झाला म्हणून ते सगळे परत, शिवाय कॉलेजच्या क्रेडिटचा जो १,००० चा रिफंडेबल भाग असतो तो वर, असा ९,२०० चा रिफंड येईल. सोलर नसतं तर ३,९०० आला असता. फरक ५,३००. हा हिशोब एकदा कागदावर करून बघा, मग क्रेडिट कुठे गेलं ही शंका राहत नाही.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. सतरा वर्षांखालच्या मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट २०२५ ला मुलामागे २,२०० आहे आणि त्यातला १,७०० पर्यंतचा भाग टॅक्स नसला तरी परत मिळू शकतो. लोक समजतात की आधी मुलांचं पूर्ण क्रेडिट टॅक्स खाऊन टाकणार आणि सोलरला काही उरणार नाही. पण शेड्यूल ८८१२ (मुलांच्या क्रेडिटचा फॉर्म) च्या सूचनांमध्ये खास याच परिस्थितीसाठी दुसरी वर्कशीट आहे, तिच्यात परत मिळू शकणारा भाग बाजूला काढला जातो, सोलरला जास्त जागा मिळते आणि मुलांचा तो भाग रिफंड म्हणून हातात येतो. चांगलं सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, पण हाताने भरणारे ही वर्कशीट सोडून देतात आणि त्या वर्षी सोलरचं क्रेडिट उगाच कमी वापरलं जातं. दोन मुलं असतील तर फरक ३,४०० पर्यंत जाऊ शकतो, म्हणून आळस करू नका.

काही टॅक्स असे आहेत की सोलरचं क्रेडिट त्यांना हातच लावत नाही. घरून डबे, केटरिंग, भरतनाट्यमचे क्लास, फ्रीलान्स कोडिंग असं काही करत असाल तर त्यावरचा १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा बसतो, तो तसाच भरावा लागतो. गुंतवणुकीवरचा ३.८ टक्के सरटॅक्स, ५९ वर्षं ६ महिन्यांच्या आत ४०१के किंवा आयआरए (निवृत्तीची बचत खाती) मोडला तर बसणारा १० टक्के जादा टॅक्स, हेही याने कमी होत नाहीत. शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स मात्र ओळ १८ मध्येच येतो, त्याला क्रेडिट लागू होतं, अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स (जास्त उत्पन्नावरचा किमान टॅक्स) यालाही होतं. ज्या वर्षी आरएसयू (कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळालेले शेअर) विकले किंवा मोठा नफा झाला त्या वर्षी पुढे आणलेलं क्रेडिट एकदम संपताना दिसतं ते यामुळे.

आता ते पुढे नेतात कसं ते सांगते, इथे नीट लक्ष द्या. फॉर्म ५६९५ च्या पहिल्या भागाच्या शेवटी एक ओळ असते, पुढच्या वर्षी नेण्याचं क्रेडिट. २०२४ च्या फॉर्मवर ती ओळ १६ आहे. तो आकडा पुढच्या वर्षीच्या त्याच फॉर्मवर मागच्या वर्षीहून आणलेलं क्रेडिट या ओळीत भरायचा, २०२४ च्या फॉर्मवर ती ओळ १२. बस एवढंच आहे, पण त्यातही दोन चुका होतात. एक म्हणजे लोक पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या ओळीत ३६,००० खर्च टाकतात, म्हणजे नवीन पॅनेल बसवल्यासारखं, ते चूक आहे आणि त्यातून आयआरएसचं पत्र येऊ शकतं. दुसरी म्हणजे उरलेल्या आकड्याला पुन्हा टक्केवारी लावणं. पुढे येतो तो आकडा डॉलरचा आहे, त्याची टक्केवारी लागून झालेली असते. २०२१ मध्ये बसवणाऱ्यांना २६ टक्के मिळाले होते, २०२२ पासून दर ३० झाला, पण २०२१ चं जे उरलंय ते जेवढे डॉलर उरलेत तेवढंच राहतं, नवा दर जुन्याला लागत नाही.

ज्या वर्षी टॅक्स शून्य आहे आणि क्रेडिट एक डॉलरही वापरता येत नाही त्या वर्षीही फॉर्म भरायचा. आयआरएसच्या सूचनांमध्येच हे लिहिलंय. अमेरिकेत राहणारे आईवडील, रिटायर झालेले, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि थोडी पेन्शन, त्यांच्या घरांवर विकणाऱ्यांनी भरपूर पॅनेल चढवलेत आणि त्यांचा टॅक्स कधी शून्य तर कधी तीनचारशे असतो. अशांना वाटतं यंदा काही मिळतच नाहीये तर फॉर्म कशाला. पण एक वर्ष गाळलं की पुढच्या वर्षी आकडा कुठून आला हे दाखवायला मधला कागदच नसतो.

सॉफ्टवेअर बदललं की सगळ्यात जास्त घोटाळे होतात. त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर दरवर्षी वापरलं तर बहुतेकदा मागचा आकडा आपोआप येतो. दुसऱ्याकडे गेलात, स्वस्त म्हणून किंवा ऑफिसमधल्या कोणी सांगितलं म्हणून, तर नवं सॉफ्टवेअर मागच्या रिटर्नच्या पीडीएफमधून नाव, पत्ता, उत्पन्न उचलतं पण हा आकडा उचलेलच असं नाही. माणूस बदलला तरी तेच, नव्या सीएकडे फक्त १०४० ची पहिली दोन पानं पाठवली तर त्याला कळणार कसं की तुमच्याकडे साडेपाच हजार पडून आहेत. पूर्ण रिटर्न द्या, सगळ्या फॉर्मसकट.

समजा एखादं वर्ष राहिलंच, तर काय. इथे तो दुसरा नियम येतो, वर्ष निवडायची मोकळीक नाही. कायद्याची भाषा अशी आहे की उरलेलं क्रेडिट लगेच पुढच्या वर्षी जातं आणि त्या वर्षीच्या क्रेडिटमध्ये मिळवलं जातं. म्हणजे त्या वर्षी टॅक्स होता तर तेवढं क्रेडिट त्या वर्षीच वापरलं गेलं असं धरायचं, तुम्ही फॉर्म भरला असो वा नसो. एका कुटुंबाचं असंच झालं होतं, २०२२ मध्ये बसवलं, सहा हजार उरले, २०२३ चं रिटर्न दुसऱ्या सॉफ्टवेअरने भरताना ते राहून गेले, आणि २०२४ चं भरताना आठवलं तेव्हा त्यांना ते २०२४ मध्ये लावायचे होते. तसं चालत नाही. २०२३ मध्ये त्यांचा टॅक्स सहा हजारांपेक्षा जास्त होता, म्हणजे ते सगळे २०२३ चेच. मग १०४०-एक्स भरून २०२३ चं रिटर्न दुरुस्त केलं आणि पैसे त्या वर्षाचे म्हणून परत मागितले.

या दुरुस्तीला मुदत असते, साधारणपणे रिटर्न भरल्यापासून ३ वर्षं, आणि लवकर भरलं असेल तर एप्रिलच्या शेवटच्या तारखेपासून मोजायची. २०२२ च्या रिटर्नची ही मुदत बहुतेकांची एप्रिल २०२६ मध्ये संपते. तेव्हा जुनं काही राहिलं असेल तर आज बघा. आणि मुदत गेलेली असली तरी सगळंच सोडून देऊ नका, त्या बंद झालेल्या वर्षात जेवढं वापरलं गेलं असतं तेवढं गेलं, पण हिशोब नव्याने मांडून त्याच्यापुढे जे उरतं ते पुढच्या वर्षांत नेता येतं. ज्याचा त्या वर्षी टॅक्सच फार कमी होता त्याचं नुकसान तेवढंच कमी.

आता योजना बंद झाल्याचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट आला तेव्हा हे ३० टक्के २०३२ पर्यंत चालणार होते आणि त्यानंतर हळूहळू कमी होणार होते. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांची सही झालेल्या वन बिग ब्यूटिफुल बिल ॲक्टने ते आणलं ३१ डिसेंबर २०२५ वर. पण बंद काय झालं ते नीट वाचा. कायदा म्हणतो की त्या तारखेनंतर केलेल्या खर्चाला हे क्रेडिट लागू नाही. तुमचा खर्च ऑक्टोबर २०२५ चा आहे. उरलेलं पुढे नेण्याचं कलम, म्हणजे या सोलर क्रेडिटच्या कलम २५डी मधलंच पोटकलम सी, त्याला या बदलात हात लावलेला नाही. तुम्ही २०२६ मध्ये जे वापरणार ते २०२५ च्या खर्चाचंच आहे. सोलर क्रेडिट संपलं, आता उरलेलं विसरा, असं जे फिरतंय ते चुकीचं आहे.

खर्च कधी केला हे मात्र पैसे कधी दिले यावर ठरत नाही, पॅनेल बसवायचं काम पूर्ण कधी झालं यावर ठरतं. नोव्हेंबरमध्ये पूर्ण पैसे भरले आणि काम २०२६ च्या जानेवारीत संपलं तर क्रेडिट नाही, आयआरएसने हे स्पष्ट सांगितलंय. शेवटच्या तिमाहीत जी घाई झाली त्यात अशी बरीच घरं सापडली आणि मला त्यांचं खरंच वाईट वाटतं, कारण कामगार कधी येणार हे त्यांच्या हातात नव्हतं. तुमचं ऑक्टोबरमध्ये झालं, तुम्हाला चिंता नाही, तरी काम पूर्ण झाल्याचं पत्र, नगरपालिकेच्या तपासणीचा कागद, वीज कंपनीची सुरू करायची परवानगी आणि अंतिम बिल एकत्र ठेवा. आणि हे कागद बसवल्यापासून तीन वर्षं नाही, तर उरलेलं क्रेडिट ज्या वर्षी शेवटचं वापरलं त्या रिटर्नपासून तीन वर्षं तरी ठेवा. बेसिससाठी (विकताना नफा मोजायला धरतात ती घराची मूळ किंमत) म्हणाल तर घर विकेपर्यंत.

घर विकण्याचं सोपं आहे. हे क्रेडिट तुमचं, घराचं नाही. घर विकलं तरी उरलेलं तुमच्या रिटर्नवर चालू राहतं, घेणाऱ्याला ते देता येत नाही आणि त्याला ते आपोआप मिळतही नाही. धंद्यासाठी बसवलेल्या सोलरवर पाच वर्षांच्या आत विकलं तर घेतलेलं क्रेडिट काही प्रमाणात परत द्यावं लागतं, त्याचं ऐकून लोक घाबरतात, पण राहत्या घराच्या कलम २५डी मध्ये तशी तरतूद नाही. एक छोटी गोष्ट, घराच्या बेसिसमध्ये पूर्ण ३६,००० मिळवायचे नाहीत, क्रेडिट वजा करून २५,२०० मिळवायचे. जॉइंट रिटर्नवर राहत्या घराचा पाच लाखांपर्यंतचा नफा बहुधा माफच असतो, तेव्हा बहुतेकांना याचा फरक पडत नाही.

पुण्याला परत जाण्याचं जरा विचार करून बघायला हवं. क्रेडिट वापरायला अमेरिकेत टॅक्स बसायला हवा. परत गेलात, ग्रीन कार्ड सोडलं किंवा व्हिसा संपला आणि नॉन-रेसिडेंट झालात की बहुतेकांचा इथला टॅक्स जवळजवळ संपतो, आणि मग क्रेडिट कागदावर राहून काही उपयोग नाही. फॉर्म ५६९५ नॉन-रेसिडेंटच्या १०४०-एनआर ला जोडता येतो, त्यामुळे इथलं घर भाड्याने ठेवून त्याचं उत्पन्न त्या रिटर्नवर दाखवत राहिलात तर थोडा उपयोग होऊ शकतो, पण त्यावर विसंबून बेत आखू नका. तुमच्या बाबतीत सुदैवाने आकडा छोटा आहे. पगार असाच राहिला तर २०२६ मध्ये साधारण ५,२०० वापरले जातील, तीनशेच्या आसपास २०२७ ला जातील आणि तिथे संपतील. तुम्ही २०२८ मध्ये निघालात तर मागे काही राहत नाही.

ज्यांचं उरलेलं जास्त आहे आणि ज्यांना लवकर जायचंय किंवा रिटायर व्हायचंय, त्यांनी मात्र टॅक्स असतानाच ते संपवायचं बघावं. सगळ्यात जास्त वापरला जाणारा रस्ता म्हणजे ट्रॅडिशनल आयआरए (ज्यात टॅक्स पैसे काढताना बसतो) मधले काही पैसे रॉथमध्ये (ज्यात टॅक्स आधी भरलेला असतो) नेणं. जेवढे नेले तेवढं उत्पन्न धरलं जातं, त्यावर टॅक्स बसतो, आणि तो टॅक्स सोलरचं क्रेडिट फेडतं. सासूसासऱ्यांचं उदाहरण घ्या, दोघेही पासष्टच्या वर, २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन ३१,५००, वयाचे ३,२००, आणि नव्या कायद्याने २०२८ पर्यंत दिलेलं ज्येष्ठांचं डिडक्शन दोघांचं मिळून १२,०००, म्हणजे ४६,७०० पर्यंत टॅक्सच नाही. अशा घरात क्रेडिट वर्षानुवर्षं पडून राहणार, उलट नव्या डिडक्शनमुळे ते आणखी हळू संपणार. तिथे थोडं थोडं रॉथमध्ये नेण्यात अर्थ आहे. पण डोळे मिटून नाही. उत्पन्न वाढलं की सोशल सिक्युरिटीचा जास्त भाग टॅक्सखाली येतो, आणि फारच वाढलं तर दोन वर्षांनी मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) हप्ताही वाढतो. आणि भारतात जाणार असाल तर रॉथमधला पैसा तिथे कसा धरला जातो हा वेगळाच विषय आहे, तिथल्या सीएला आधी विचारा.

ज्यांची नोकरी चालू आहे, कुठे जायचं नाही, त्यांनी असलं काही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. क्रेडिटला मुदत नाही, ते दोन वर्षांत संपलं काय आणि चार वर्षांत संपलं काय, डॉलर तेवढेच. केवळ क्रेडिट लवकर संपावं म्हणून ४०१के मधले पैसे कमी टाकणारे लोक मी बघितलेत, ते करू नका. फॉरेन टॅक्स क्रेडिट आधी लागतं ते बरंच आहे, कारण त्याचं उरलेलं एक वर्ष मागे आणि दहाच वर्षं पुढे नेता येतं, सोलरला घाई नाही.

खिडक्या, इन्सुलेशन, हीट पंप यांचं जे क्रेडिट होतं ते कलम २५सी, त्याचं उरलेलं पुढे जातच नाही, त्या वर्षी वापरलं नाही की गेलं. दोन्ही एकाच फॉर्मवर असल्यामुळे घोळ होतो. लीज किंवा पीपीए वर (पॅनेल कंपनीचे, तुम्ही फक्त वीज विकत घेता) पॅनेल घेतले असतील तर मालक कंपनी आहे, तुम्हाला क्रेडिटच नाही, पुढे नेण्याचा प्रश्न येत नाही. आणि राज्यांचे नियम निराळे, न्यूयॉर्क २५ टक्के पण ५,००० पर्यंत देतं आणि उरलेलं ५ वर्षं पुढे जातं, मॅसॅच्युसेट्स १५ टक्के, कमाल १,०००, ३ वर्षं, ॲरिझोना २५ टक्के, कमाल १,०००, ५ वर्षं. तिथे मुदत आहे, ती पाळा. न्यू जर्सीत राज्याच्या इन्कम टॅक्सवर असं क्रेडिट नाही, त्यामुळे तुम्हाला शोधत बसायची गरज नाही.

शेवटी तुमचं लोन, कारण मला वाटतं खरी अडचण तिथे आहे आणि तुम्ही ती विचारलेली नाही. बहुतेक सोलर लोनमध्ये असं असतं की साधारण १८ महिन्यांच्या आत तुम्ही क्रेडिटएवढी रक्कम, तुमच्या बाबतीत १०,८००, मुद्दलात भराल असं आधीच धरून महिन्याचा हप्ता कमी ठेवलेला असतो. भरली नाही की हप्ता वाढतो. करार काढून ही तारीख बघा. ऑक्टोबर २०२५ पासून १८ महिने म्हणजे एप्रिल २०२७. आत्ताच्या रिफंडमधले ५,३०० तर लगेच भरता येतील, पण उरलेल्यातले बहुतेक २०२६ च्या रिटर्नवर मिळणार, आणि ते रिटर्न तुम्ही भरणार २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. रिफंड थोडा लांबला तर तारीख हुकते.

म्हणून रिफंडची वाट न बघता ते पैसे २०२६ च्या पगारातूनच काढा. कंपनीत नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा हे सांगणारा फॉर्म) द्या आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्यात, जिथे क्रेडिट लिहितात तिथे, ५,२०० वाढवा. त्या हिशोबाने वर्षाच्या उरलेल्या पगारांमधून टॅक्स कमी कापला जाईल. हा आकडा वर्षाचा असतो आणि पेरोल तो पगारांमध्ये वाटतो, म्हणून मार्चमध्ये दिलात तर पूर्ण ५,२०० सुटणार नाहीत, बाकीचे रिफंडमध्ये येतील, पण हातात बरेच आधी असतील. दर पगाराला जेवढे जास्त आले तेवढे वेगळ्या खात्यात टाका आणि डिसेंबरमध्ये लोनच्या मुद्दलात भरा, भरताना हे मुद्दलासाठी आहे असं लेखी सांगा, नाहीतर काही ठिकाणी ते पुढचे हप्ते म्हणून जमा करतात. आणि जानेवारी २०२७ मध्ये पुन्हा नवा डब्ल्यू-४ द्या ज्यात हे ५,२०० नसतील, कारण तोवर क्रेडिटचे तीनशेच उरलेले असतील आणि जुनाच चालू राहिला तर २०२७ च्या रिटर्नच्या वेळी खिशातून भरावे लागतील.